चार झाडं ताणावर

२८ एप्रिल १९६३, रविवार

आजपासून पाणी बंद! संत्र्याच्या चारही झाडांची आळी उकरून मोकळी केली, पाण्याचा दांड बुजवून टाकला. आता पाऊस येईपर्यंत एक थेंब नाही.

दरवर्षी हे काम आमचे हे करायचे आणि मी ओसरीत उभी राहून हळहळायची. यंदा कुदळ माझ्या हातात आणि हे बाजेवर. दिवाळीच्या सुमाराला यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती बाज आणि ही ओसरी एवढंच यांचं जग. सरकारी बागेत माळी म्हणून सगळी नोकरी काढली, दुसऱ्यांच्या झाडांना पाणी घातलं, आणि घरची चार कलमं मात्र लेकरासारखी वाढवली. शेंदुरजन्याहून डोक्यावर आणलेली.

उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा, पानं मुरगळेपर्यंत द्यायचा. मग पाऊस लागला की ते फुलांनी भरून येतं. "सुखात ठेवलं तं झाड नुसते पानंच देते," हे यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मला दया येऊन मी चोरून बादलीभर पाणी ओतलं होतं, तर किती दिवस अबोला! माणसापेक्षा झाड मोठं.

आज काम संपवून घाम पुसत विचारलं, बरोबर झालं ना? यांनी बाजेवरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "खोल."

म्हणजे जास्त खोल उकरलं! वाचा अर्धीच परत आली आहे, पण माझ्या चुका काढायला तेवढी पुरते.

१ मे

शाळेला सुट्टी लागली. पोरांपेक्षा मलाच जास्त आनंद. सकाळी उशिरा उठायचं ठरवलं होतं — पण नळ थोडाच उशिरा येतो!

३ मे, शुक्रवार

भातकुलीहून पुंजाजी भाऊजी आले होते. यांचे थोरले भाऊ. बोलणं कुऱ्हाडीसारखं, पण मनात काही नाही. जेवण झाल्यावर सुपारी कातरत मला म्हणाले, "जयवंता, शाळा उघडल्यावर याले पाहीन कोन? तू तिकडे फळ्यापाशी आन् हा इकडे एकटा. म्या दमनी घेऊन येतो, याले घेऊन जातो. आमच्याकडे पोरं हायेत, सुना हायेत."

खोटं काय होतं त्यात? लेकीला बोलवावं तर ती पातूरला, तिचे दिवस भरत आलेले. शाळेच्या वेळात यांना मोरीपर्यंत न्यायला कोण? तहान लागली तर? शेवटी असं ठरलं — शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भाऊजी बैल जुंपून दमणी घेऊन येतील. तोवर हे भिंत धरून का होईना, आपले आपण मोरीपर्यंत जाऊ लागले तर इथेच राहतील. नाही तर भातकुली.

हे सगळं बोलणं बाजेच्या पायथ्याशी बसून झालं. हे डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, मला कळतं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते — मला शाळा सोडायची नाही. पहिलीच्या वर्गात पोरगं पहिल्यांदा आपलं नाव लिहितं आणि पाटी घेऊन नाचत येतं, ते मला सोडायचं नाही. आणि यांनाही कुठे पाठवायचं नाही. दोन्ही पाहिजे. आहेच मी हावरट!

८ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जाऊन आले. वंदना झाली, खीर वाटली. यांच्यासाठी वाटीभर झाकून आणली.

घरी आले तर हे म्हणाले, "उठव." भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीपुढे उभं राहून हात जोडायचे होते. मी म्हटलं, खीर ठेवून येते, थांबा. पण यांना धीर कुठला! एकटेच उठले. पाय जमिनीला लागला न लागला तोच डावीकडे कलंडले. बाजेची कड कपाळाला लागली. रक्त पाहून मी किंचाळलेच. मग रडू आलं, मग राग आला. मी म्हणाले, "बस्स! उद्याच राजीनामा देते. आता तुमच्यापासून हलत नाही मी."

यांनी भिंतीकडे तोंड केलं. खीर तशीच राहिली.

डॉक्टर मागे म्हणाले होते, "बाई, सगळं त्यांच्या हातात देऊ नका, थोडं त्यांचं त्यांना करू द्या." डॉक्टरांचं काय जातं सांगायला! पडल्यावर उचलायला मी.

१३ मे, सोमवार

पडल्यापासून हे पायसुद्धा खाली टेकवत नाहीत. मी म्हटलं चला, मी धरते, तर मान हलवतात. नाही म्हणजे नाही.

मग मी बागेवरच राग काढला. वावधनाचे, वादळवाऱ्याचे दिवस जवळ आले. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात होतं ते शोधत बसावं लागलं होतं. न्हाणीवरच्या टिनांना नवी तार पिळून बांधली, वर दगड ठेवले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या आत रचल्या. पपईला दोन बाजूंनी बांबू दिले. नाली उपसली. आणि काळ्या मातीने भिंतीच्या कडेने ज्या भेगा दिल्या आहेत, हात जाईल एवढ्या, त्यांत मुरूम आणि रेती ठासून भरली. नाही तर पावसाच्या पहिल्या झोडीलाच पाणी सरळ घराच्या पायात.

हे चालू असताना कुंपणापलीकडून गोदाबाईंचं भाषण चालूच. गोदाबाई शेजारीण. विधवा, मुलं शेतीवर राहतात, ही इथे एकटी. आमच्या हातचं पाणी पीत नाही, पण अक्कल द्यायला पाणी कशाला लागतं!

"अवो बाई, त्या झाडायले काहून तरसवून राहिली? पानं पाह्य कशी मिटून गेली. मुकं झाड हाय, शाप देईन!"

मी म्हटलं, गोदाबाई, ताण आहे तो.

"कायचा तान न् फान! घरात एक मानूस तानावर, बाहेर चार झाडं तानावर."

मी रेती आणखी जोरात ठासली. मनाला लागलं मात्र.

१९ मे, रविवार

नळावरून आले आणि पाहते तो चौथ्या झाडाखालची माती ओली! चौथं झाड म्हणजे ओसरीच्या टोकाचं, गोदाबाईंच्या कुंपणाला लागून असलेलं. फार नाही, लोटाभर पाण्याचा डाग. पण ओला तो ओलाच.

कुत्रं असेल म्हणून सोडून दिलं.

२१ मे, मंगळवार

कुत्रं लोटा घेऊन येत नाही! आज पुन्हा ओलं. शेंड्याच्या पानांची मिटलेली घडीही जरा सुटल्यासारखी वाटते. म्हणजे हे रोजचं चाललं आहे.

यांना विचारलं, कोण येतं हो इथे मी नळावर गेल्यावर? यांनी छपराकडे पाहिलं. मी कुंपणाशी गेले आणि सरळ विचारलं, "गोदाबाई, तुम्ही माझ्या झाडाला पाणी घालता?"

मला वाटलं नाकारतील. शपथा घेतील. तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "हो, घालतो! काय करशीन?"

मग माझी जीभ सुटली. वर्गात कधी बोलत नाही तशी बोलले. बहार मोडला म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला? यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं आहेत. यांचं असं झालेलं असताना निदान झाडं तरी यांच्या रीतीने फळली पाहिजेत, एवढंच मी धरून बसले आहे, आणि तुम्ही चोरासारखं येऊन... "चोर" हा शब्द तोंडातून गेला.

गोदाबाईंनी माझ्याकडे नाही, माझ्या मागे ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं बाप्पा, चोर तं चोर," आणि आत निघून गेल्या.

मागे वळले तर हे उठून बसायची धडपड करत होते. "नको... नको..." म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका, तुमचंच झाड आहे ते!

२३ मे

आज गोदाबाई बोलल्या नाहीत. घर किती शांत असतं नाही! आवडलं नाही.

२८ मे, मंगळवार

नवतपा चालू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. ओसरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. बांबूच्या तट्ट्यावर पाणी शिंपडून यांच्या बाजेजवळ टांगते, दुपारपर्यंत ते कोरडं ठणठणीत.

ओसरीवर आलेली निंबाची फांदी आज माणूस बोलावून उतरवली. गेल्या पावसाळ्यापासून हे म्हणत होते, ही फांदी एक दिवस टिनावर येईल. करवत चालली तसे हे बाजेवरून हाताने खुणा करत होते — इथून नाही, तिथून. फांदी अलगद खाली आली. यांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी! मी पुढे होऊन म्हटलं, आता असंच उठून दाखवा की. लगेच चेहरा मिटला. माझंच चुकलं.

तीन झाडांची पानं आता चुरगळल्यासारखी दिसतात, काही गळायला लागली. ताण बरोबर बसला. चौथं मात्र हिरवंगार, मजेत. गोदाबाईंचं पाणी चालूच आहे. भांडून काही उपयोग नाही. तीन तर तीन.

४ जून, मंगळवार

चूल पेटवली नाही, आधी हे लिहून काढते.

दुपारी दळण घेऊन गिरणीवर गेले होते. निघताना आभाळ स्वच्छ! दळण होईपर्यंत पश्चिमेकडे मातीच्या रंगाची भिंत उभी राहिली. मी डबा उचलून पळत सुटले, पण अर्ध्या वाटेत वावधनाने गाठलं. धुळीत समोरचा हात दिसेना. कुणाचं तरी टिन रस्त्यावरून खणखणत गेलं. एका दुकानाच्या दारात पिठाचा डबा पोटाशी धरून उभी राहिले. मनात एकच — हे ओसरीत आहेत. एकटे. बाजेवर. मग गारा. मग पाऊस आडवा.

जरा ओसरल्यावर धावत घरी आले. फाटक उघडं. बाज उलटी होऊन मोगऱ्यावर पडलेली. रिकामी!

आत गेले तर हे मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेले. कोरडे! आणि गोदाबाई दाराला पाठ टेकून, पाय पसरून, चिंब भिजलेल्या, धापा टाकत. आमच्यात इतके दिवस बोलणं नाही आणि ही बाई माझ्या घरात माझं दार धरून बसलेली.

"आत कसे आले हे?"

गोदाबाईंनी यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्या ओढलं त्यायले. कसं ओढलं ते इचारू नको. येळ आली का बळ येते."

पऱ्हाटीच्या काडीएवढी ती बाई! पण तेव्हा विचार करायला सुचलंच नाही. मी तिथेच बसून रडले. दोघंही माझ्याकडे पाहत राहिले.

मग गोदाबाई उठल्या, आमच्या माठापाशी गेल्या, स्वतःच्या हाताने पेला बुडवला आणि गटागटा प्यायल्या.

५ जून

आमचं एक टिन हललं नाही. गोदाबाईंची दोन उडाली, त्या आमचं दार धरून बसल्या असताना! एक येऊन माझ्या पपईला मधोमध कापून गेलं. बांबू मात्र दोन्ही उभे.

उरलेली तार घेऊन गेले, माणूस लावून त्यांची टिनं बसवून दिली. चोर म्हटल्याची माफी मागितली. म्हटलं, त्या झाडाला खुशाल पाणी घाला, मी तोंड उघडणार नाही.

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. "घालतो, घालतो," म्हणाल्या. वय झालं की माणसं कशालाही हसतात.

८ जून, शनिवार

मृग लागला. आभाळ भरून येतं आणि तसंच जातं. हे बाजेवरून झाडांकडे पाहत असतात. मीही पाहते.

१२ जून

पाऊस चांगला झाला. भिंतीच्या कडेने पाणी मुरलं नाही — मुरमाने काम केलं. दोडका, भेंडी, वालाच्या शेंगा लावून टाकल्या. सांभार, म्हणजे कोथिंबीर, उद्या.

२५ जून, मंगळवार

तिन्ही झाडांवर कळी! पानाआड बारीक पांढरे मणी, फांदी न फांदी. ओसरीपर्यंत वास येतो. यांना बाजेसकट थोडं पुढे सरकवलं. डहाळी तोडून दाखवावी असं वाटलं, पण बहाराची डहाळी तोडली असती तर हे बाजेवरून उडी मारून आले असते! वास घेऊन म्हणाले, "लागला." त्यांच्या तोंडून अख्खा, स्वच्छ शब्द.

चौथ्या झाडाला नुसती पालवी. पोपटी, तकतकीत, एक कळी नाही. यांचं वाक्य खरं ठरलं. आश्चर्य म्हणजे हे त्याच झाडाकडे जास्त वेळ पाहत होते.

२७ जून, गुरुवार

यांचे कपडे ट्रंकेत भरले. दोन धोतरं, बंड्या, कानटोपी. तेलाची बाटली, औषधं. रविवारी भाऊजी येणार, सोमवारी शाळा. राजीनामा लिहायला बसले होते, एक ओळ लिहून कागद चुलीत टाकला.

म्हणजे मी शाळा निवडली. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. माझ्याकडून आत्तापर्यंत एकदाही त्यांना मोरीपर्यंत चालवणं झालं नाही. मी जवळ गेले की ते उठतच नाहीत.

ट्रंक भरताना हे पाहत होते. रागावलेले दिसले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२९ जून, शनिवार

वर्ग झाडून घ्यायला आम्हां शिक्षकांना शाळेत बोलावलं होतं. लवकर सोडलं. फाटकाशी आले आणि पाय तिथेच थांबले.

हे चौथ्या झाडाखाली उभे! उभे! एक हात बुंध्यावर. बाज मागे रिकामी, आणि ओसरीच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर मळकट पट्टा उमटलेला, इतक्या दिवसांत मला न दिसलेला. कुंपणातून गोदाबाईंनी आपला पितळी लोटा पुढे केला. "आता झाडाले पानी नाई लागत, भाऊ. तुमीच प्या." म्हणजे लोटा गोदाबाईंचा होता आणि हात यांचा. मी नळावर गेले की पाण्याच्या निमित्ताने हे भिंत धरून इथवर चालत होते; वावधनातही आपल्याच पायांनी आत गेले होते. ती बाई इतके दिवस यांच्यासाठी चोर झाली होती.

हे प्यायले. लोटा परत देत म्हणाले, "तिच्यापुढे... नाई पडाचं. शाळा... सोडीन ते." मग दम घेऊन, "उद्या दादाले... दमनीपाशी... चालत."

मी मागे फिरले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेले, उगाच उभी राहिले, डोळे पुसले. मग परत येऊन फाटकाची कडी खडखडा वाजवली. वर खोकलेसुद्धा.

आत गेले तेव्हा हे बाजेवर, डोळे मिटून, धाप लपवत. मी काही विचारलं नाही. उद्या भाऊजींबरोबर मलाही चकित व्हायचं आहे.